तिसऱ्या आळीचा महारोबो

यंदा आमच्या आळीचं गटप्रमुखपद माझ्याकडे आलं. मी निवडून आले असा कुणाचा गैरसमज नको. हे पद थंडीतल्या सर्दीसारखं एका घरातून शेजारच्या घरात जातं, आणि ज्याच्या घरात शिरतं त्याने वर्षभर नाक पुसत बसायचं. कचऱ्याच्या ढिगावर कावळ्यांसाठी जाळी घालायची, सूचनांची पाटी पुढच्या दारी पोचवायची, गटाराची झाकणं जागेवर आहेत का बघायचं, आणि सप्टेंबरच्या पहिल्या रविवारी भूकंपाच्या सरावाला माणसं गोळा करायची. पहिली तीन कामं कुणालाही जमतात. चौथं आजवर कुणालाच जमलेलं नाही.

आमच्या शिझुओकात मोठा भूकंप येणार, येणार, असं माझ्या आईच्या लहानपणापासून सांगतात. त्यामुळे घरोघरी कपाटं भिंतीला ठोकलेली आहेत, उशाशी विजेऱ्या आहेत, पाण्याच्या बाटल्यांवरून चालत न्हाणीघरात जावं लागतं. पण सरावाला या म्हटलं की नेमकं त्याच दिवशी प्रत्येकाच्या पुतण्याचं लग्न निघतं. गेल्या वर्षी मैदानात माणसांपेक्षा आग विझवायची नळकांडी जास्त होती.

म्हणून जुलैत आळीच्या सभागृहात बैठक बसली. अध्यक्ष कुवाबारा आजोबा. वय ऐंशीच्या पुढे, पाठ ताठ, आवाज रेडिओवरच्या बातम्यांसारखा. बायको गेल्यापासून आळीचं प्रत्येक काम ते अंगावर ओढून घेतात आणि मग प्रत्येकाची माफी मागतात.

"मुलं आली की आईबाप येतात," आजोबा म्हणाले. "मुलं कशाने येतील?"

तांदळाचे दुकानदार मिनेगिशी-सान म्हणाले, "रोबो आणा! पाच गाड्या येतात, उभ्या राहतात, एकमेकांना जोडल्या जातात, की झाला मोठा रोबो. माझा नातू त्याच्याशिवाय घास गिळत नाही. आपण पुठ्ठ्याचा करू. पाच घरं, पाच गाड्या. महारोबो सान्चोमे!"

सान्चोमे म्हणजे आमची तिसरी आळी. आळीचं नाव एवढं रुबाबदार वाटू शकतं हे तोवर कुणाच्या लक्षात आलं नव्हतं.

"पण रोबो लढणार कुणाशी?" तोकुनागा बाईंनी विचारलं. तोकुनागा बाई शाळेतून निवृत्त झाल्या, पण शाळा त्यांच्यातून निवृत्त झालेली नाही.

"मांगूर!" कुवाबारा आजोबा म्हणाले. "आणि मांगूर मी होणार."

आमच्याकडे कुणी इतक्या पटकन काही मागत नाही.

जमिनीच्या पोटात एक अजस्र, मिशाळ मांगूर मासा झोपलेला असतो, आणि तो वळवळला की धरणी हलते, हे आमच्याकडे पोरांना भाताबरोबर भरवतात. हजारो वर्षांचा आळीचा शत्रूच म्हणायचा. त्याचं नाव काढताच माझ्या शेजारी बसलेल्या चियोने माझा हात असा आवळला की बोटं पांढरी पडली.

चियो माझी मुलगी. वय पाच. मे महिन्यात एकदा जमीन हलली होती. फार नाही, कपाटातल्या वाट्या जरा एकमेकींशी बोलल्या, एवढंच. पण तेव्हा चियो बालवाडीत टेबलाखाली होती आणि मी बाजारात मुळा निवडत होते. त्या दिवशी तिने माझा हात धरला तो सोडलाच नाही. मी न्हाणीघरात गेले की ती दाराच्या फटीतून बोटं आत घालून बसायची. तांदूळ एका हाताने धुवायचे, केस एका हाताने बांधायचे. बालवाडीत मीही जाऊन बसले. बाईंनी फार गोड शब्दांत सांगितलं की आईंनी वर्गात बसायला काहीच हरकत नाही, पण मधल्या सुट्टीत घसरगुंडीवरून आईसुद्धा खाली येतात, याने बाकीची मुलं जरा गोंधळतात. मग चियो जायचीच बंद झाली. बाई म्हणाल्या, उन्हाळ्याच्या सुट्टीनंतर बघू. आमच्या भाषेत 'बघू' म्हणजे काय, ते मला माहीत होतं, आणि रात्री उशीवर डोकं टेकलं की तेच आठवायचं.

बैठकीहून परतताना चियोने विचारलं, "आई, रोबो मांगुराला हरवणार?"

"हरवणार तर!"

"मग तो परत हलणार नाही?"

आता इथे शहाण्या आईने काय म्हणावं? मी म्हटलं, "नाही हलणार."

तिने रस्ताभर विचार केला. दाराशी आल्यावर म्हणाली, "तो हरला तर दुसऱ्या दिवशी मी बालवाडीत जाईन. एकटी. नाही हरला तर नाही जाणार."

सराव रविवारी, बालवाडी सोमवारी. अशा रीतीने जपानच्या भूगर्भाची जबाबदारी पुठ्ठ्यासकट माझ्यावर आली.

*

दुसऱ्या बैठकीत वाटणी झाली. गाड्या पटापट ठरल्या, कारण गाडीत मानपान नसतो. मला अग्निशामक बंब, तोकुनागा बाईंना रुग्णवाहिका, मिनेगिशी-सानना तांदळाचा टेम्पो, चियोच्या बालवाडीतल्या सोसुकेच्या आईला खोदकामाचं यंत्र. तांदळाच्या दुकानावरच्या खोलीत भाड्याने राहणारे ओदागिरी-सान वर्षातून एकदाच बोलतात. ते म्हणाले, "कचरागाडी चालेल."

खाली बसलं की गाडी, दोऱ्या ओढून उभं राहिलं की अवयव, अशी रचना होती. प्रश्न आला अवयवांचा.

"तर मग," कुवाबारा आजोबा म्हणाले, "डोकं कोण?"

सगळ्यांनी एकदम चहाचे पेले तोंडाला लावले.

"तोकुनागा बाई असताना आणखी कोण?" सोसुकेची आई म्हणाली.

"छे छे! माझ्यासारख्या म्हातारीला डोकं कसलं शोभतंय. मिनेगिशी-सानची उंची बघा."

"मी? अहो, मी पोती उचलणारा माणूस. मला कुठेही खाली टाका. सोसुकेच्या आईंचं काम किती सुबक असतं!"

"अय्या, नाही हो! चियोच्या आई गटप्रमुख आहेत ना."

मी कपाळ चटईला टेकवून नको नको म्हटलं. माझ्याबरोबर चियोही वाकली, कारण हात तिच्या हातात होता. ओदागिरी-सान तर आधीपासूनच वाकलेले होते. असं दोन वेळा सगळ्यांना फिरून आल्यावर कुवाबारा आजोबांनी समाधानाने मान हलवली. "सर्वांच्या मनातलं सर्वांना कळलेलं दिसतंय. ठरलं तर!" आम्ही टाळ्या वाजवल्या. मी मांडीवर वाजवली.

घरी नवऱ्याने विचारलं, "डोकं कोण?"

"ठरलंय."

"पण कोण?"

"तसं कुणी बोललं नाही. पण ठरलंय."

माझा नवरा तात्सुरो पियानोच्या कारखान्यात आहे, पण मनाने अजून दुसरीत आहे. लहानपणी त्याच्याकडे जोडायचा रोबो होता, आणि त्याचा डावा हात हरवल्याचं दुःख त्याने लग्न ठरवायच्या भेटीत मला सांगितलं होतं. तो कासावीस झाला. "अगं, डोक्याशिवाय रोबो जोडता येत नाही! आधी धड, मग..."

"तोकुनागा बाईच डोकं," मी म्हटलं. "किती जोरात नको म्हणाल्या, ऐकलं असतंस तर कळलं असतं."

"आणि तू?"

यावर मी भांडी घासताना, एका हाताने, बराच विचार केला होता. डोकं मागणं म्हणजे मिरवणं. हात मागणं म्हणजे डोकं हवं होतं पण धीर झाला नाही, असं जगाला सांगणं. राहिले पाय. त्यातला उजवा पाय आधी पुढे पडतो, म्हणजे तिथेही थोडा मान आलाच. डावा पाय मात्र कुणाच्या डोळ्यात खुपणार नाही. गटप्रमुखाने नम्रपणाचा आदर्श घालून द्यायचा नाही तर कुणी?

"डावा पाय," मी म्हटलं.

तात्सुरोने पेन्सिल शोधून आणली. मग म्हणाला, "घोट्याला सांधा लागेल."

*

सरावात काहीही नवं करायचं तर नगरपालिकेत कळवावं लागतं. खिडकीपलीकडच्या तरुण गृहस्थाने मला खुर्ची दिली, चियोला कागदी चक्र दिलं आणि अतिशय अदबीने माझा छळ सुरू केला.

"हे वाहन आहे का?"

"सुरुवातीला आहे. मग पाय होतो."

"कुणाचा?"

"रोबोचा."

"म्हणजे यंत्र?"

"नाही, पुठ्ठा आहे. आत मी असते."

त्याने पेन खाली ठेवलं. "मग आपण व्यक्ती म्हणून भाग घेत आहात की वस्तू म्हणून?"

लग्नाला इतकी वर्षं झाली, पण हा प्रश्न मला इतक्या थेटपणे कुणी विचारला नव्हता. मी म्हटलं, दोन्ही.

"उंची?"

"जोडण्याआधी की जोडल्यावर?"

हे ऐकून तो आत गेला. आतून आणखी दोघं बाहेर आले. एकजण म्हणाला की माणसापेक्षा उंच म्हणजे बांधकाम, आणि बांधकामाला पाया लागतो. दुसरा म्हणाला की चालणाऱ्या वस्तूला पाया कसा असेल. शेवटी महारोबो सान्चोमेची नोंद 'तात्पुरता मांडव' अशी झाली.

"आणि एक मांगूर आहे," मी चाचरत म्हटलं.

"पाळीव प्राण्यांची सोय दुसऱ्या मजल्यावर."

"तो पाळीव नाही," चियो म्हणाली. "तो वाईट आहे."

गृहस्थाने गंभीरपणे कागद उलटसुलट पाहिला. "माफ कर हं बाळ. 'वाईट'साठी वेगळी खिडकी नाही."

*

पुठ्ठा मिळवणं ही आणखी एक कथा. आमच्याकडे रद्दी पुठ्ठा ठरल्या दिवशी, ठरल्या दोरीने बांधून ठेवायचा. एकदा ठेवला की तो नगरपालिकेचा. त्यातलं खोकं उचलणं म्हणजे चोरी, आणि ती होऊ नये म्हणून लक्ष कुणी ठेवायचं? गटप्रमुखाने. मी भल्या पहाटे स्वतःवर लक्ष ठेवत गेले. कुणीतरी शीतकपाट घेतलं होतं, त्याचं खोकं होतं, असं सुंदर खोकं मी जन्मात पाहिलं नव्हतं. एक हात चियोकडे, म्हणून खोकं डोक्यावर पालथं घातलं, आणि दिसत नसल्यामुळे सरळ कावळ्यांच्या जाळीत शिरले.

"अगंबाई, चियोच्या आई!" जाळीपलीकडून तोकुनागा बाईंचा आवाज आला. "सकाळी सकाळी किती हो उत्साह!"

मी खोक्यातूनच वाकून नमस्कार केला. वरून एक कावळा हसला. तुम्ही म्हणाल कावळे हसत नाहीत. तुम्ही त्या खोक्यात नव्हता.

मग आला रंग. बंबाला लाल रंग हवा. मी वरच्या गच्चीत तो देत होते, चियो माझ्या कोपराला धरून होती, तिला शिंक आली, आणि एक थेंब उडाला तो नेमका खाली शेजारच्या अंगणात उन्हात घातलेल्या तोकुनागा बाईंच्या गादीवर. एकच थेंब, पण पांढऱ्या खोळीवर, मध्यभागी. राष्ट्रध्वजच झाला.

मी माफीला चहाचा डबा घेऊन गेले. बाई म्हणाल्या, छे, मला लाल रंग आवडतोच, आणि दुसऱ्या दिवशी परतफेड म्हणून पीच घेऊन आल्या. पीच चहापेक्षा भारी पडले, म्हणून मी गोड वड्या नेल्या. त्यावर त्यांनी खारवलेली आलुबुखारं आणली, घरची, त्यांच्या सासूच्या काळातली. आता सासूच्या काळातल्या वस्तूला माझ्याकडे उत्तर नव्हतं. तात्सुरो म्हणाला, "त्यांच्याकडे जाऊन तो थेंब परत माग, नाहीतर आपल्याला हे घर सोडावं लागेल."

या येण्याजाण्यात एक गोष्ट दिसली. बाईंच्या ओसरीवर चादरीखाली काहीतरी अवाढव्य झाकलेलं होतं. एवढं मोठं म्हणजे डोकंच! मी चटकन नजर वळवली. दुसऱ्याचं डोकं पुरं होण्याआधी बघणं बरं दिसत नाही. आणि बाई आमच्याकडे आल्या तेव्हा कोपऱ्यातल्या माझ्या लाल धुडाकडे त्यांनीही अगदी सभ्यपणे पाठ केली. मिनेगिशी-सानच्या दुकानात शिरताना सगळे मोठ्याने खोकत, म्हणजे त्यांना झाकायला वेळ मिळावा. इतक्या समजूतदार माणसांच्या आळीत तालमीची गरज काय?

*

रविवारी मैदान भरलं. खरोखर भरलं. दुसऱ्या आळीतली पोरंसुद्धा आली. ऊन असं होतं की झाडांवरचे सिकाडा किडे सकाळीच ओरडून दमलेले. आम्ही पाचजण मंडपामागून आपापल्या गाडीत बसून, गुडघ्यांवर सरपटत, मैदानात आलो. माझ्या बंबाला कडेला एक भोक होतं. त्यातून माझा हात बाहेर, आणि त्या हाताला चियो. सगळ्यांना वाटलं बंबाला नळी आहे.

समोर मांगूर. कुवाबारा आजोबांनी दोन काळ्या दुलया शिवून आत स्वतःला कोंबलं होतं. बांबूच्या मिशा, ताटल्यांचे डोळे. काय वळवळत होते! त्यांच्या इतक्या वर्षांच्या ताठ पाठीला जणू सुट्टी मिळाली होती. पुढच्या रांगेतली दोन मुलं रडायला लागली. चियोने माझं बोट ओढलं.

"आई, आता?"

"आता बघ."

अग्निशामक दलाचे एक जवान भोंगा घेऊन उभे होते. त्यांनी कागदावरचं वाचलं, "वीरांनो, रूप बदला! एक व्हा!"

आम्ही दोऱ्या ओढल्या. गाड्या उभ्या राहिल्या. पुठ्ठे उलटले, झडपा खाली पडल्या.

मी डावीकडे पाहिलं. तोकुनागा बाई डावा पाय होत्या. पांढरा, टापटीप, नखांसकट. मी उजवीकडे पाहिलं. मिनेगिशी-सान डावा पाय होते, सगळ्यांत रुंद. सोसुकेच्या आईच्या डाव्या पायाला तर घोट्यावर नाजूक फुलं होती. आणि सगळ्यात टोकाला ओदागिरी-सान, हिरव्या रंगाचा, अबोल डावा पाय.

पुढच्या रांगेतली पोरं बोटांनी मोजू लागली.

"सगळे पायच!" सोसुके ओरडला. "आणि सगळे एकीकडचेच!"

दुलईतून मांगूर कुजबुजला, "डोकं कुठाय?"

"ठरलं होतं ना?" मिनेगिशी-सान कुजबुजले.

"ठरलंच होतं," तोकुनागा बाई म्हणाल्या. "चियोच्या आई, मी तर तुम्हाला गृहीत धरलं होतं."

"अहो, मी तुम्हाला!"

"माफ करा, माझाच पाय जास्तीचा आहे," सोसुकेची आई म्हणाली. "मी बाजूला होते."

"नाही नाही, तुम्ही कशाला? किती सुंदर आहे तुमचा! माझा काढतो मी."

"आधी मी होते, मोठी मीच आहे."

आणि अनादि काळच्या शत्रूसमोर, पाच महावीर एकमेकांना वाकून नमस्कार करू लागले. छातीपर्यंत पुठ्ठ्याचा पाय घातलेल्या माणसाला वाकता येत नाही. आधी मिनेगिशी-सान आडवे झाले, मग त्यांच्या धक्क्याने ओदागिरी-सान. त्यांना उठवायला सोसुकेची आई गेली, तिच्या फुलांवर तोकुनागा बाई. मी एका हाताच्या आधाराने उभी होते, आणि तो आधार पाच वर्षांचा होता.

"आई, एक व्हा ना!"

"होतोय गं, होतोय..."

"आई, तो अजून हलतोय!"

हलत होताच. कागदावर लिहिलं होतं, 'महारोबोचा ठोसा बसेपर्यंत मांगूर वळवळतो.' कुवाबारा आजोबा लिहिल्याप्रमाणे वागणारे. ठोसा मारायला हातच नव्हता, म्हणून ते वळवळत राहिले. दोन दुलया, भर दुपार. एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे, मग जरा सावकाश, मग एकदा डावीकडे, आणि मग आडवे झाले ते उठलेच नाहीत.

टाळ्यांचा कडकडाट झाला. "हरला! हरला!" पोरं नाचू लागली. भोंग्यातून जवानसुद्धा म्हणाले, "विजय!" आणि मला, खरं सांगते, आधी सुटल्यासारखंच वाटलं. हरला. आता सोमवार सुटला.

"तो हरला नाहीये!" चियो किंचाळली. "त्याला बरं नाहीये!"

भर मैदानात मांगुराकडे कुणी टक लावून पाहत असेल तर ती एकटीच होती. घाबरलेली माणसं फार नीट बघतात. आणि पुढच्या क्षणी माझा हात भोकातून बाहेर, नुसताच हवेत होता. चियो मांगुराकडे धावत सुटली होती.

मग काय झालं ते मला तुकड्यातुकड्याने आठवतं. मिनेगिशी-साननी स्वतःचा पाय पोत्यासारखा टराटरा फाडला. ओदागिरी-सान माणूस बोलत नाही, पण पळतो किती! ते मंडपातली घोंगडी आणि बांबू घेऊन आलेसुद्धा. त्याची झोळी कशी करायची हे आम्हाला दर वर्षी शिकवतात आणि दर वर्षी आम्ही डुलक्या काढतो. कुणी कुणाला आधी तुम्ही म्हटलं नाही. सोसुकेच्या आईने दातांनी दुलईचा टाका तोडला. तोकुनागा बाई मातीत गुडघे टेकून म्हणाल्या, "डोकं मी धरते!" आणि कुणीही छे छे केलं नाही.

"एक, दोन, उचला!"

एकदम उचललं. एकदम चाललो. माझ्या अंगावर पाय तसाच होता, त्यामुळे मी थोडी उड्या मारत होते, पण झोळी हलली नाही. तात्सुरो लोकांना बाजूला करत ओरडत होता, "वाट द्या! वाट द्या!" आणि त्याच्या चेहऱ्यावर काय तेज आलं होतं! नंतर तो मला म्हणाला की जोडणी अशीच असते. मी म्हटलं, गप्प बस.

सावलीत आजोबांना ठेवलं. जवानांनी नाडी पाहिली, डोळे पाहिले, काखेत बर्फाच्या पिशव्या घातल्या. "उन्हाचा त्रास झालाय. वेळेवर आणलंत. गाडी येतेच आहे, एकदा दाखवून घेऊ. तोवर घोटघोट पाणी द्या, वारा घाला. कुणीतरी जवळ बसा."

आजोबांनी डोळे उघडले. अजून मानेपर्यंत मांगूरच होते, एक मिशी शाबूत होती. पहिलं वाक्य म्हणाले, "सर्वांना फार त्रास दिला. माफ करा." आणि दुसरं, माझ्याकडे बघत, "मी हरलो ना? मी हरणार असं चियोला सांगितलंय, हे तुम्हीच मला म्हणाला होतात."

चियो त्यांच्या उशाशी उकिडवी बसली होती. तिने सूचनांच्या कागदाने वारा घालायला सुरुवात केली होती.

"आजोबा, तुम्ही एवढं का हलत होता?"

आजोबांनी तिच्याकडे पाहिलं. मग माझ्याकडे. मग पुन्हा तिच्याकडे, आणि मांगुराच्या आवाजात, पण अगदी हळू, म्हणाले, "खाली फार उकडतं गं. कूस बदलतो."

"मुद्दाम नाही करत?"

"छे. कुणाला त्रास द्यायची माझी मुळीच इच्छा नसते."

"खाली तुमच्याबरोबर कोण असतं?"

"कुणी नाही. मी एकटाच."

चियोने वारा घालणं थांबवलं. विचार केला. पुन्हा घालायला लागली, आता जरा जोरात. "मे महिन्यात मी पण एकटी होते," ती म्हणाली. "टेबलाखाली."

"मग?"

"मग थांबलं."

"हो ना," आजोबा म्हणाले. "थांबतं."

तेवढ्यात भोंगा वाजला. सराव अर्धाच झाला होता, आणि मैदान कधी नव्हे ते माणसांनी भरलेलं. बादल्यांची रांग लावायची होती. टाकीपासून खोट्या आगीपर्यंत हातोहात पाणी. "सान्चोमेच्या लोकांनी इकडे या!"

मी जागची हलले नाही. गटप्रमुख असले तरी मी चियोची आई आहे, आणि चियोची आई चार महिने एका हाताच्या अंतरापलीकडे गेलेली नाही.

चियोने वर पाहिलं. तिला मी तिथे उभी असल्याचा जरा त्रासच झालेला दिसला.

"आई, तू जा ना. तुला बोलावतायत."

"आणि तू?"

"मी इथे बसते. गाडी येईपर्यंत." मग ती आजोबांकडे वळली आणि बालवाडीच्या बाईंच्या गोड आवाजात समजावू लागली, "उद्या मला यायला नाही जमणार हं, आजोबा. उद्या बालवाडी आहे. पण दुपारी येईन."

मी गेले. पाय काढायचं राहूनच गेलं, तशीच गेले. रांगेत तोकुनागा बाई आणि मिनेगिशी-सान यांच्या मधे जागा रिकामी होती. माझ्याकडे अचानक दोन हात होते, आणि दुसऱ्याचं काय करायचं ते सुचत नव्हतं. मी मागे वळून पाहिलं. चियो वारा घालत होती. पुन्हा पाहिलं. आता ती मांगुराची मिशी सरळ करत होती, तिने मान वरही केली नाही. तिसऱ्यांदा पाहिलं तेव्हा मला नीटसं दिसेना, आणि दोष सगळा उन्हाला देणंही बरं नाही.

"चियोच्या आई," तोकुनागा बाई हळूच म्हणाल्या, "बादली."

मी दोन्ही हात पुढे केले.